पाय सरळ करू नये

मी, दुफी अम्पेम, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार कुमासी, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल लोकांचे आयुष्यभर बोलून झाले आहे, त्यात मी भर घालत नाही. याआधीचे मृत्युपत्र मी फाडले. कारण पुढे येईल.

आमच्या असुओफुआ गावी राणीमातेचे आसन आईनंतर मुलीकडे जाते. थोरली मी. पण व्यंग असलेल्याने त्या आसनावर बसायचे नाही असा रिवाज आहे, आणि लहानपणी तापात माझा डावा पाय गुडघ्यात आखडला तो कायमचा. म्हणून धाकटी बहीण अचिया बसली. गावात तंटा आला की ती माझ्याकडे मागच्या दाराने यायची. "ताई, चूक कोणाची गं?" मी सांगायची. मग गाव म्हणायचे, राणीमाता किती शहाणी! त्या शहाणपणावर मी हक्क सांगत नाही. ते अचियाकडेच राहो.

हाताने फिरवायचे शिवणयंत्र शेजारीण एसी हिला द्यावे. तिने मला कधी बिचारी म्हटले नाही. "बाही चुकलीय, उसवा," असे तोंडावर सांगितले.

पायाला आधाराला बांधायचा माझा लोखंडी कॅलिपर पाद्री दार्को यांना द्यावा. दर प्रार्थनासभेत ते मला मंचावर ओढून "ऊठ, चाल!" म्हणून ओरडायचे. मी पडले की माझी श्रद्धा कमी ठरायची. त्यांनी कॅलिपर बांधून एकदा माझ्या घराचा जिना चढून पाहावा.

आता अंत्यविधी. क्वाकूमामांना जन्माचे कुबड होते. ते गेले तेव्हा त्यांना भरजरी कापडात, पितळी पलंगावर दर्शनाला ठेवले होते, आणि ते काठीसारखे सरळ होते. मृतांना न्हाऊ घालून सजवणाऱ्या अफ्राकोमाला मी विचारले, "मामा सरळ कसे झाले?"

"वाकलेल्या माणसाला पितरांपुढे कसं पाठवायचं?"

"पण केलं कसं?"

"नको विचारूस, दुफी. हाड ऐकत नाही, मग त्याला ऐकवावं लागतं."

तेव्हापासून मला भीती वाटते. मरणाची नव्हे, त्यानंतर न्हाऊ घालतात त्या खोलीची. हा पाय मी कापडाखाली लपवला, टेबलाखाली लपवला. घरच्यांनी तो फोटोच्या चौकटीबाहेर ठेवला. मी थकले. तो मला आवडतो असे नाही, पण तो माझा आहे. आई मला चालीच्या आवाजावरून ओळखायची. सरळ पायाने गेले तर ती विचारील, ही कोण?

राहिले घर. ते शिवणाच्या कमाईवर बांधलेले आहे, त्यात घराण्याचे काही नाही. मेल्यावर माझा पाय सरळ केल्यास घर अचियाला मिळू नये, अशी अट जुन्या मृत्युपत्रात होती. मी ती तिला वाचून दाखवली.

"ताई, घर जाईल म्हणून मी तुझा पाय तसाच ठेवीन, असं वाटतं तुला?"

"मग कशासाठी ठेवशील?"

ती उठून गेली, आणि तीही मागच्याच दाराने. मी तो कागद फाडला. धाकाने मिळालेला मान मला नको.

म्हणून घर अचियाला, बिनशर्त. पाय आहे तसा राहू द्यावा आणि माझ्या चालायच्या कुबड्या शेजारी ठेवाव्यात, ही विनंती आहे. ती ऐकली की नाही, हे बघायला मी नसेन.

हा सर्व मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. अफ्राकोमाने पायाचा भाग पुन्हा वाचायला लावला. बराच वेळ ती माझ्या गुडघ्याकडे पाहत राहिली. मग "कापड जरा रुंद घ्यावं लागेल," एवढेच म्हणाली आणि तिने अंगठा दिला.

ठिकाण : कुमासी
तारीख : १४ नोव्हेंबर २०१९

(सही) दुफी अम्पेम

साक्षीदार :
१. क्वाबेना ओडुरो, शिक्षक (सही)
२. अफ्राकोमा, राहणार असुओफुआ (डाव्या हाताचा अंगठा)