कार्ड मावलं नाही

चिमणे,

कॉम्प्युटरचं कॅबिनेट बदलून आणायला चाललोय. ग्राफिक्स कार्ड त्यात मावत नाही. दुकानात मी आतून टेप लावून मोजलं होतं, पण पुढच्या पंख्यांची जाडी धरायची राहिली. जन्मभर लोकांचे कोट शिवले आणि नेमका इथे शिलाईची जागा सोडायला विसरलो, हस पोटभर! आपल्या बजेटात रंगीत दिवे आणि जागा दोन्ही मिळत नाहीत, म्हणून साधं काळं पण ऐसपैस आणतो. खेळताना मी पडद्याकडे बघणार की डब्याकडे?

प्रोसेसर बसवलाय, त्याला हात लावू नकोस. स्क्रू माझ्या बटणांच्या डबीत आहेत. आईने विचारलं तर 'बाबांना दुकानाची बिलं करायला कॉम्प्युटर हवाय' म्हण. तिला पटणार नाही, पण हसेल तरी. तुझी बॅग भरायला घेतल्यापासून ती त्याच कपड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालतेय.

बॅगेत स्वेटरखाली हेडफोन ठेवलाय, काढू नकोस. माझ्यासाठीही तसाच घेतलाय. नोकरीच्या गावी पोचलीस की जेवण उरकून गेममध्ये येत जा. मी किल्ल्याच्या दाराशी थांबेन. एकट्याने आत जायची माझी छाती होत नाही.

बाबा