पाठीवरचा पाय

बाबा, दिवाळीच्या आधी इथे अकोल्यात माझ्या पोराची पाठ तपासताना डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "घरात आणखी कोणाची पाठ अशी धरत होती काय?" आणि मी नाही म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं. तुमची पाठ मला कधी आजार वाटलीच नाही; ती माझं रोजचं सकाळचं काम होती.

भातकुलीचं स्वयंपाकघर. चुलीवर चहा आहे आणि तुम्ही तिथेच पालथे पडला आहात. मी पायाळू, जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेची उसण उतरते यावर आपल्याकडे कोणी वाद घालत नाही. "ये वं माय, पाय दे," तुम्ही म्हणता. मी अमरावतीच्या कॉन्व्हेंटला निघालेली, पायात काळे बूट. आई म्हणते, "बूट तं काढ वं, बापाच्या पाठीवर चढून राहिली." तुम्ही जमिनीकडे तोंड करून हसता. "असू दे. इंग्रजी दवाई हाये थे." मग भिंत धरून उठता, शेवंतीच्या वावरात जाता आणि उन्हं वर येईपर्यंत सरळ चालू लागता. हा माझ्या पायाचा गुण, असं सगळे म्हणत. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा मला तो मोठा वाटे. कधी तुमचा डोळा लालबुंद होई, उजेड सोसत नसे. झेंडूचं काही उडून डोळ्यात गेलं असेल म्हणून आम्ही सोडून देत असू. पुढे तुम्ही वाकतच गेलात. शेवटी मान वर होईना. मी माहेरी आले की उंबऱ्यातले माझे पाय बघून म्हणायचात, "माय आली."

सध्याची वर्षं अशी आहेत की वऱ्हाडात कोणी वाकून चाललं तर त्याला पाठीचं कोणी विचारत नाही, कर्जाचं विचारतात. तुमचा नातू बियाण्याच्या दुकानात बसतो. तो सकाळी अवघडून उठायला लागला तेव्हा जठारपेठेतले शेजारी म्हणाले, "टेन्शन घेऊन राहिला. गिऱ्हाईकच नाही तं काय करन?" मलाही ते पटलं. मग त्याचा डोळा लाल झाला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला या बाईंकडे पाठवलं. त्यांनी डोळ्याचं आणि पाठीचं नातं सांगितलं तेव्हा मला तुम्ही आठवलात, आणि मी माझं 'नाही' मागे घेतलं.

त्या म्हणाल्या, "काकू, वावरात डुकरं हाकायला जागल्या ठेवतात ना? एखादा पान हललं तरी डबा बडवतो, अन् धावता धावता आपलंच पीक तुडवतो. जन्मापासून प्रत्येकाच्या अंगात रोगजंतू हाकायला असे राखणदार असतात. याचे विनाकारण उठतात अन् मणक्यांवरच धावतात." त्याच्या रक्तात एक खूण सापडली. ती वंशातून येते. आली म्हणून प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. ती माझ्यात असेल आणि मी धडधाकट राहिले असेन. पडून राहिलं की हे दुखणं धरतं, चाललं की सैल होतं. म्हणजे तुम्हाला आराम पडायचा तो वावरापर्यंतच्या चालण्याने. पाठीवर पाय मात्र कोणी द्यायचा नाही, असे जखडलेले मणके मोडू शकतात, असंही त्यांनी बजावलं. ते ऐकल्यापासून मला ते काळे बूट सारखे दिसतात.

परतताना ऑटोत पोरगा म्हणाला, "म्हंजे आई, दवाईबी तूच अन् दुखणंबी तूच." आम्ही दोघं हसलो. पण बाबा, ज्या पायाने मी तुमचं दुखणं उतरवते असं समजत होते, तो पाय ज्या अंगाचा, त्याच अंगातून ते दुखणं मी अकोल्याला आणलं आणि त्याला दिलं. आणि ती खूण तुमच्याकडून आली असं कळलं तेव्हा, भीती वाटायच्या आधी, क्षणभर बरं वाटलं होतं. तुमचं काहीतरी अजून घरात आहे म्हणून.

औषध सुरू आहे. लवकर सापडलं, पाठ वाचेल अशी आशा आहे, पण हमी मागू नका, असं बाई म्हणाल्या. मी कॅलेंडर दाराच्या चौकटीवर उंच टांगलं आहे. रोज सकाळी पोराला तारीख विचारते. "काहून रोज विचारतं वं?" तो कुरकुरतो. चष्मा सापडत नाही, मी म्हणते. मग तो मान वर करतो. काही दिवशी ती सहज वर जाते. आज तो आधी दोन पावलं मागे सरला, आणि मग त्याने वर पाहिलं.

तुम्ही नसताना हा कागद कुठे टाकायचा? तो घडी करून कॅलेंडरच्या मागेच खोचते. तिथवर त्याचा हात जातो, पण तो शोधणार नाही. चष्मा माझ्या डोळ्यांवरच असतो, बाबा. हे त्याला केव्हाच दिसलं असेल. तरी तो तारीख सांगतो.