सुखरूप पोहोचलो

तीर्थस्वरूप वहिनी,

नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? माझी बॅग भरायला वाकलात तेव्हाच ती धरली होती, हे माझ्या लक्षात आलं होतं. दादाची तब्येत उत्तम असावी. (उत्तम आहे हे मला माहीत आहे. कसं, ते पुढे येईल.) फोनच केला असता, पण तुमच्याकडचा फोन दादा उचलतो, म्हणून पत्र.

परवाचा निरोप तुम्ही पाहिलातच. दादाच्या निवृत्तीच्या समारंभात, त्याचं भाषण चालू असताना, मी पहिल्या रांगेतून 'आवर' अशी खूण केली, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. या खेपेला आठवडाभर एका टेबलावर जेवलो, तरी माझी चौकशी तो तुमच्याकडेच करायचा. आणि निघताना दारात खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "येत जा रे." मी रडलो. तो रडला. समोरच्या मुख्याध्यापिका बाई (ज्यांचा आपल्या घराशी काडीचा संबंध नाही) त्याही रडल्या. असा निरोप माणसाला एकदाच मिळतो, आणि तोही बहुधा स्वतःला पाहायला मिळत नाही.

स्टँडवर गेलो तर पूल दुरुस्तीसाठी बंद, गाड्या रद्द. शहाण्या माणसाने रिक्षा मागे वळवली असती. मीही वळवली, पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवली. एवढं रडून झाल्यावर तासाभरात बॅग घेऊन दारात उभं राहायचं कोणत्या तोंडाने? दादा बनियनवर दार उघडणार आणि म्हणणार, "परत आलास?" इतक्या वर्षांनी कसंबसं एक वाक्य पदरात पडलं होतं, ते या दुसऱ्याने पुसलं गेलं असतं. म्हणून मी तुमच्या मागच्या रस्त्यावरच्या लॉजमध्ये खोली घेतली. (चादर ओलसर आहे. पंखा फिरतो, पण वारा बहुधा शेजारच्या खोलीला लागतो.)

काल दादाचा फोन आला, पोहोचलास का म्हणून. मी म्हटलं, पोहोचलो, आता घर झाडतोय. तेवढ्यात खाली भाजीवाला ओरडला. तोच आवाज तुमच्या खिडकीतूनही आत गेला असणार. कारण दादा म्हणाला, तुझ्याकडेही भेंडीवाला याच वेळेला येतो वाटतं. मी म्हटलं, हल्ली सगळीकडे भेंडीच आहे.

आज सकाळी तर कहर झाला. सलूनमध्ये दाढीला बसलो होतो, गालभर फेस, आणि शेजारच्या खुर्चीत येऊन बसला दादा. आरशात नजरानजर झाली. मी डोळे मिटून घेतले. उघडून पाहतो तर त्यानेही मिटलेले. न्हाव्याने (याला दाढीपेक्षा लोकांच्या घरात जास्त रस) विचारलं, हे पाहुणे अगदी तुमच्यासारखे दिसतात, भाऊ का? दादा शांतपणे म्हणाला, "भाऊ आहे मला. पण तो त्याच्या घरी सुखरूप पोहोचलाय. कालच बोलणं झालं." आणि दाढी होताच माझ्याकडे न बघता निघून गेला.

आता हे त्याने मला सांभाळून घेतलं, की माझं नाव कायमचं टाकलं, हे मला कळेना. त्याला तुम्ही ओळखता. घरी आल्यावर तो हसला का? की गुपचूप पेपर घेऊन बसला? तेवढं कळवा. पुन्हा तोच अबोला आता या वयात मला झेपायचा नाही.

आपला,
आपल्या घरी सुखरूप असलेला दीर

ता.क. पूल सुरू झाल्याचं मॅनेजर सांगतो, पण जायला मन होत नाही. दादाला राग नसेल तर गॅलरीत पिवळा टॉवेल वाळत घाला. मी येईन. तुम्ही दारात "अगं बाई, इतक्यात पुन्हा?" एवढंच म्हणा, बाकी मी निभावतो. प्रवासाने दमलेला तर दिसेनच, इथली गादीच तशी आहे.

आणखी एक ता.क. टॉवेल राहू द्या. पत्र तुमच्या पेटीत टाकायला खाली उतरलो, तर दादा लॉजच्या पायरीवर बसलेला. म्हणाला, "गाडीला फार उशीर झाला का रे?" मी म्हटलं, झाला खरा. मग बॅग कोणी उचलायची यावरून आमचं असं काही वाजलं, की आता पुन्हा बोलणं बंद आहे. तो बॅग घट्ट धरून रस्त्यावर उभा आहे आणि मी मॅनेजरच्या पेनने हे लिहितोय. जेवायला दोघंही येतोय.