बोलणं सगळं त्यांच्याच वाट्याला

प्रिय सुनंदा,

बावीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची पाळी आली नाही. एका छताखाली राहणाऱ्यांना पत्र कशाला लागतं? पण आज तुझ्या आयसीयूतल्या शैलाचा फोन आला. “दाजी, नवी सिस्टर आलीय. ताईंचा लॉकर रिकामा करायचाय. येता का?” गेलो, अन् असा जळफळत घरी आलो की तुला लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही. तू जाऊन तीन महिने झाले. गेलेल्या बायकोवर कुणी चिडतं का? मी चिडलोय.

लॉकरमधून निघालं काय? खोबरेल तेलाची बाटली, दोन कंगवे, नेलकटर. सगळं पेशंटांसाठी! महिना महिना बेशुद्ध पडलेल्यांची नखं तू कापायचीस, म्हाताऱ्यांच्या वेण्या घालायचीस. “ते काय आमचं ठरलेलं काम न्हाई दाजी, ताई हौसेनं करायच्या,” असं शैला कौतुकानं सांगत होती. हौसेनं! माझ्या अंगठ्याच्या नखानं मोजा फाटला तेव्हा तुझी हौस कुठं गेली होती गं? “नेलकटर कपाटात हाय, घ्या,” एवढंच म्हणालीस. तेल-कंगवे मी शैलाकडंच ठेवले. नेलकटर मात्र खिशात घालून आणलं.

अन् ती शैला! तिच्या पोरीला ताप आला की तिची ड्यूटी तू करायचीस. माझ्या पुतणीच्या हळदीला मी एकटा गेलो, नवी साडी घडी न मोडता कपाटात राहिली. सगळे विचारत होते, “वहिनी कुठाय?” काय सांगू? वहिनी वाटून टाकलीय म्हणून?

घरात तुझं बोलणं मोजकंच. ‘जेवा.’ ‘गॅस संपत आलाय.’ ‘उद्या डबल ड्यूटी हाय.’ मी दिवसभर नारायणगाव-आणे जीपच्या फेऱ्या मारून यायचो. पोटात लई साचलेलं असायचं. मी सांगायला लागलो की तू उशीला टेकायचीस अन् तिसऱ्या वाक्याला डोळे मिटायचीस. मी पुढचं सगळं भिंतीला सांगायचो.

मागच्या वर्षी माझ्या छातीत कळ आली अन् मला तुझ्याच आयसीयूत आणलं. खरं सांगू? भीती वाटली, पण तिच्याखाली थोडा आनंदही होता. म्हटलं, चला, आता तरी हिच्या वाट्याला आलो! अन् तू काय केलंस? माझा बेड शैलाला देऊन मोकळी झालीस. “घरच्या माणसाला सुई टोचताना माझा हात कापंल.” हे कारण!

समोरच्या बेडवर पेठचे एक बाबा होते, शुद्ध हरपलेले. तू त्यांना म्हणत होतीस, “बाबा, आता कुशीवर वळवते हं. फडकं जरा गार लागंल. आज मंगळवार हाय, सकाळचे धा वाजलेत.” किती मऊ आवाज! असा आवाज तुझ्याकडं आहे हे मला लग्नानंतर एकवीस वर्षांनी कळलं.

माझ्याच्यानं राहवलं न्हाई. म्हटलं, “अगं, त्याला काय कळतंय? हिकडं मी शुद्धीत हाय!”

तू वळून म्हणालीस, “तुमी शुद्धीत हाय, म्हणूनच.”

शैला हसली. मला मात्र ते लई दिवस लागलं.

मग तूच पडलीस, ड्यूटीवर. मेंदूत रक्तस्राव. नऊ दिवस तुझ्याच आयसीयूत होतीस. शैला तुझे केस विंचरत तुझ्याशी बोलायची. डॉक्टर बोलायचे, फरशी पुसणाऱ्या मावशी बोलायच्या. मला सगळे सांगायचे, “दाजी, बोला ना. त्यांना ऐकू येत असंल.”

मी मिठाची गुळणी धरून उभा.

सुनंदा, लोकांना वाटलं, दुःखानं वाचा बसली. तसं नव्हतं गं. मनात आलं होतं, बोलू द्या त्यांनाच, त्यांचीच आहे ती. बायको मरणाच्या दारात अन् मी मत्सर करत उभा! उद्या बोलू, परवा बोलू, असं करत नववा दिवस उजाडला अन् दुपारी तू गेलीस. तुला ऐकू येत असेल, तर नऊ दिवस माझाच आवाज तेवढा आला नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आज लॉकर बंद करताना शैला म्हणाली, “दाजी, ते बोकडाचं खरं का ओ?”

“कंच्या बोकडाचं?”

“आळेफाट्याला जीपमधी पुढच्या सीटवर बसवलेला. त्यानं नवऱ्या मुलाचा फेटा खाल्ला तो!”

ते तर मी तुला, डोळे मिटलेल्या तुला, सांगितलं होतं!

“ताई प्रत्येक बेडजवळ तुमच्या गोष्टी सांगायच्या,” शैला म्हणाली. “आमी पण कामं टाकून ऐकायचो. म्हणायच्या, आमच्या ह्यांच्यावानी सांगता येत न्हाई मला.”

म्हणजे झोपेचं सोंग! सगळं ऐकायचीस! अन् हसायला तिकडं जायचीस? त्या पेठच्या बाबांना माझा बोकड, माझा फेटा, वर तुझं हसू. मला काय? एक ‘हूं’ दिला असतास तर तुझं काय जात होतं? माझ्याबद्दलचा अभिमानसुद्धा परक्यांनाच वाटून टाकलास, अन् मी मूर्ख, तू ऐकत नाहीस म्हणून नऊ दिवस सूड उगवत बसलो.

राग गेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण वचन देतो. उद्यापासून शेवटची फेरी संपवून घरी आलो की दिवसभरातलं सगळं तुला सांगणार. मोठ्यानं. शेजारचे वेडा म्हणाले तर म्हणू देत. त्या नऊ दिवसांत बोलायचं राहिलं ते पण सांगेन, जमेल तसं. मधेच थांबून ‘ऐकतेस ना?’ म्हणून विचारणार नाही.

तुझाच, अन् तू माझ्या एकट्याचीच असं अजून म्हणणारा,
बबन