तीस तारखेच्या आत ताईचे केस

९ नोव्हेंबर, सोमवार
ही वही दोन महिने कोरी आहे. वहीला काय खोटं सांगायचं? पहिल्या पानावर ‘वेळ’ आणि ‘ताप’ असे दोन रकाने आखलेत, तेही पट्टी न घेता. ताईला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, रोज लिहा. मी रोज लिहिणारच होतो. पण पेन असलं की थर्मामीटर सापडायचा नाही, थर्मामीटर सापडला की ताई झोपलेली, आणि ताई जागी झाली की पेन गायब. आता ताप गेला. म्हणजे लिहिलं नाही ते एका परीने बरंच झालं. पानं वाचली.

तर आजपासून वही माझी. विषय : ताईचे केस.

न्यूमोनिया. तीन आठवडे हॉस्पिटल, मग दोन महिने ही तिसऱ्या मजल्यावरची खोली. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. पायाला भिंगरी बांधलेला माणूस (घरात नावच भिंगऱ्या) अकरा आठवडे एका जागी बसला, याचं कुणाला काही नाही.

ताई चष्म्याच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर वाकायचं, कानामागची दांडी नीट बसवायची, असं काम. मालकांनी तिची जागा तीस तारखेपर्यंत राखून ठेवलीय. ताई म्हणते, डोक्यावर हे घेऊन मी कुणासमोर वाकणार नाही. ‘हे’ म्हणजे मानेवरचा गोळा. कंबरेपर्यंतचे केस होते, त्यांचा आता पावाएवढा घट्ट गोळा झालाय. हात वर धरले की तिला धाप लागते, म्हणून तिचं तिला जमत नाही.

गोळा कशाने झाला? उशीच्या अभ्र्याने. जाडंभरडं कापड. मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. मनात.

हातात एकवीस दिवस. मला तीन पुरे. अठरा शिल्लक.

१० नोव्हेंबर, मंगळवार, पहाटे सहा
(लिहितोय सव्वाअकराला. पण उठायचं ठरलं होतं सहाला, आणि ठरण्यालाही किंमत असते.)

गुंता सोडवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. डेकोरेटरकडे होतो तेव्हा दिव्यांच्या माळांचं पोतं माझ्याकडेच यायचं. बाकीचे वैतागायचे. मी शांत. टोक शोधायचं, मागे मागे जायचं. अगदीच अडलं तर पक्कडीने तोडायचं आणि टेप लावायची. केसांना टेप लागत नाही, एवढाच काय तो फरक.

शिवाय सलूनमध्येही काम केलंय. अकरा दिवस. झाडूवर होतो, पण डोळे उघडे होते.

ताईला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, सांगून झालं असेल तर कंगवा घे. कंगवा एकच निघाला, बारीक दातांचा. पहिल्याच फटक्याला त्याचे तीन दात गेले. ताई ओरडली नाही, फक्त डोळ्यांत पाणी आलं. आजारपणाने माणूस हळवा होतो.

हॉस्पिटलमधल्या सिस्टर निघताना म्हणाल्या होत्या, रोज विंचरा, दोन सैल वेण्या घाला. त्यांना बोलायला काय जातं! मी त्या वेळी तात्पुरती सोय केली होती. ती इथे लिहिण्याइतकी महत्त्वाची नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार
कंडिशनर आणि मोठ्या दातांचा कंगवा आणायला दहाला बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. टाकी मधेच आडवी झाली. खालून दिशा सांगायला कुणीतरी पाहिजेच होतं. मी सांगितली. टाकी अखेर माझ्या दिशेने गेली नाही, पण क्रेनवाला म्हणाला, तुला उंचीची नजर आहे, पुढच्या महिन्याच्या कामाला आमच्याबरोबर बाहेरगावी येतोस का? तीस तारखेला गाडी निघतेय. बघा, कशी जुळून आली तारीख! केस झाले की निघायचं.

घरी पोचलो अडीचला. ताईने विचारलं, कंडिशनर? मी म्हणालो, क्रेन. तिने चादर तोंडावर ओढली.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
डोकं चाललं. आधी स्वच्छ धुवायचं. मळ गेला की गाठ आपोआप सैल. कडकडीत पाणी, भरपूर शांपू, आणि बेडशीट चोळतात तसं दोन्ही हातांनी चोळलं. फेस झकास झाला.

वाळल्यावर गोळा लहान झालेला दिसला. मी खुशीत ताईला सांगितलं, कमी झाला! तिने हात लावून बघितलं. म्हणाली, कमी नाही झाला, आटलाय. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घातल्यावर आटतो तसा. पूर्वी आत बोट तरी जायचं, आता जात नाही.

पाण्याचा दोष. इथलं पाणी जड आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार
आईचा फोन. आई दादाकडे असते, दुसऱ्या शहरात. गुडघ्यांमुळे तिला येता आलं नाही, त्याचं तिला फार लागलंय, म्हणून रोज फोन. आणि रोज एकच प्रश्न : पोरीची वेणी घातलीस का? मी रोज ‘हो’ म्हणतो. दोन महिने म्हणतोय. आधी ‘हो’ म्हणायचो तेव्हा घालायचा विचार होता, म्हणून ते खोटं नव्हतं. नंतर सवय झाली.

आज म्हणाली, भिंगऱ्या, तुझ्यावर सोडलंय बघ सगळं, तू आहेस म्हणून मला झोप लागते. मी म्हणालो, निर्धास्त झोप. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. बहुतेक झोपली होती.

१७ नोव्हेंबर, मंगळवार
तळमजल्यावरच्या शिवणवाल्या काकू आल्या. गोळा बघून म्हणाल्या, अरे देवा, हे धुतलं कुणी? मी खिडकीतून क्रेन दिसते का ते बघत होतो.

काकूंचं म्हणणं असं : गाठीला पाणी लावायचं नाही. आधी तेल मुरू द्यायचं, मग कंडिशनर चोपडायचा. कंगवा शेवटी, आधी बोटं. टोकाकडून वर यायचं, मुळाकडून खाली नाही. आणि गाठीच्या वरची बट मुठीत आवळून धरायची, म्हणजे ओढ मुठीला बसते, टाळूला नाही. मी म्हणालो, मीही हेच म्हणत होतो. काकू म्हणाल्या, हो का? मग करायचं कुणी, शेजाऱ्यांनी?

तेल आणि कंडिशनर त्यांनीच दिला. कंगवाही. संध्याकाळी दोन तास बसलो. उजव्या कानामागची एक बट सुटली. एकच, पण सुटून खाली आली ती ताईच्या कंबरेपर्यंत. ताईने ती पुढे घेऊन कितीतरी वेळ हातात धरली. मग हसली, हसताना खोकला आला, खोकतानाही हसत राहिली. म्हणाली, माळावाल्या, तुला जमतंय की रे.

मी उठून खिडकी लावली. थंडीचे दिवस आहेत.

१८ नोव्हेंबर. खांदा दुखतोय. एक दिवस विश्रांती.

१९ नोव्हेंबर. तेल मुरू देतोय.

२० नोव्हेंबर. अजून मुरतंय.

२१ नोव्हेंबर. क्रेनवाल्याकडे गेलो. तीस तारीख पक्की. सकाळी सात.

२२ नोव्हेंबर. रविवार.

२३ नोव्हेंबर, सोमवार
चष्मेवाल्या मालकांचा फोन. माणूस चांगला आहे, पण म्हणाला, बाई, तीसच्या पुढे मला थांबता येणार नाही, बदली मुलगी कायम करा म्हणून मागे लागलीय. ताई म्हणाली, येते मी.

फोन ठेवून तिने मानेवरचा गोळा चाचपला. काकू वर आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, कापून टाकू या का? केसच ते, पुन्हा येतील. ताई म्हणाली, काकू, या आजाराने दम नेला, आवाज नेला, अंगावरचं मांस नेलं. एकदाही मला विचारलं नाही. केस तरी मला विचारून जातील. कापायचे तर मी सांगेन तेव्हा.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, ऐकलंस ना? मी म्हणालो, मला काय सांगतेस? मी काय कात्री घेऊन फिरतो का?

नवा निश्चय : रोज सहा तास. आजचे सहा उद्याच्यात धरले.

२५ नोव्हेंबर, बुधवार
खरोखर चार तास बसलो. वहीशपथ. कंडिशनर लावायचा, बोटांनी गाठ फाकवायची, दोन केस ओढून काढायचे, परत लावायचा. डाव्या बाजूच्या पाच बटा सुटल्या. सुटलेल्या बटा काड्यांसारख्या राठ. त्यांना आणखी कंडिशनर चोपडून वर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळला, अर्धा तास ठेवला. मऊ झाल्या.

पण कंगव्यात केस येतात ते मूठमूठ. मी घाबरलो, खिशात कोंबत गेलो. ताईच्या लक्षात आलं. म्हणाली, आजारात गळलेलेच आहेत ते, गुंत्यात अडकून राहिले होते. डॉक्टर म्हणालेत, परत येतात. टाक खिशातलं. मला आधी कुणी सांगितलं असतं तर पँट खराब झाली नसती.

आईचा फोन. भरात होतो. म्हणालो, केस असे झालेत की बघत राहशील. ये की बघायला! आईला दादाच्या घराच्या दोन पायऱ्या उतरायला वहिनीचा हात लागतो, त्यामुळे बोलवायला हरकत नाही. आई म्हणाली, असं म्हणतोस?

२८ नोव्हेंबर, शनिवार
उरलं लिंबाएवढं. बाकी सगळे केस मोकळे. ताईने उद्याच्या ऐवजी आजच दुकानाचा शर्ट काढला, बसून बसून इस्त्री केली, खुर्चीच्या पाठीला लावला. मीही बॅग भरून ठेवली. तिला अजून सांगितलं नाही. केस झाले की सांगीन, म्हणजे आनंदात आनंद.

२९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी आठ
बाराच्या आत संपणार. लिहून ठेवतो : बारा.

साडेदहा. गाठीच्या पोटात काहीतरी आहे. बोटाला लागतंय.

पावणेअकरा. रबरबँड आहे. पिवळं. केसांत असं रुतलंय की केस त्यातून उगवल्यासारखे दिसतात.

औषधांच्या पुडक्याचं आहे ते. घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. ताई म्हणाली होती, जरा विंचरतोस? मला कुणालातरी भेटायला जायचं होतं. कुणाला ते आता आठवतही नाही. सगळे केस गोळा केले, पुडक्याचं रबर काढलं, तीन वेढे दिले. म्हणालो, दोन दिवसांपुरतं, परवा छान विंचरू. नंतर ती रोज विचारायची. मग एक दिवसाआड. मग विचारायची थांबली. मला वाटलं, रबर पडलं असेल कुठेतरी.

अभ्रा मऊच आहे. मी आत्ता हात लावून बघितला.

अकरा. ताई पाठमोरी बसलीय. विचारतेय, काय झालं, थांबलास का? म्हणालो, काही नाही.
तिला दिसता कामा नये. कात्री हाताशी आहे. चार केस कापले की रबर निघेल, खिशात जाईल, संपलं.

सव्वाअकरा. चार नव्हते. 
कच्चकन आवाज झाला आणि अख्खा गोळा माझ्या तळव्यावर आला, रबरासकट. मानेच्या वर, मधोमध, हातभर केसांच्या जागी बोटभर उरलेत.

ताई वळली नाही. हात फक्त मागे केला, तळवा उघडा. मी गोळा ठेवला त्यात. तिने समोर धरून बघितलं. नखाने रबर बाहेर काढलं, ताणलं, तुटलं. म्हणाली, पुडक्याचं. मी हो म्हणालो. म्हणालो, मी सांगणारच होतो. पाण्याचंही म्हणालो थोडं.
ती एवढंच म्हणाली : विचारलं नाहीस.

साडेअकरा. ती आरशासमोर बसलीय. दोन्हीकडचे केस मागे आणून मधली जागा झाकायचा प्रयत्न चाललाय. हात वर धरते, धाप लागते, खाली ठेवते, परत धरते. मी म्हणालो, मी करू? म्हणाली, नको. उद्या दुकानात जाणार आहे, दिसलं तर दिसलं.
दाराशी माझी बॅग तिने बघितलीय. कधी बघितली कुणास ठाऊक. म्हणाली, सातची गाडी ना? काकूंना कळलंय क्रेनवाल्याकडून.

पावणेबारा. खालून काकूंच्या हाका. ताईला घेऊन बाहेर ये म्हणे, आई आल्यात.
आई. एकटी. दादाला न सांगता गाडीत बसून. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकलीय, दम खातेय. काकूंना म्हणाली म्हणे, लेकाने बोलावलंय, पोरीचे केस बघायला.

ताई उठली नाही. म्हणाली, जा, तिच्या हातातली पिशवी घे. आणि ती वर पोचायच्या आत तू सांग. मी सांगणार नाही.

एकच मजला. अठरा पायऱ्या. आईच्या गुडघ्यांना दहा मिनिटं तरी लागतील. तेवढ्यात सांगून होईल. सुरुवात कुठून करायची ते फक्त ठरवायचंय. एवढं लिहून झालं की जातोच.

आईचा आवाज. विचारतेय, भिंगऱ्या आहे का गं घरात?
ताई आरशातूनच म्हणाली, आहे. अजून आहे.