पिवळ्या रेघेची पेटी

तांबरम, चेन्नई
गुरुवार, १६ फेब्रुवारी २००६

प्रिय गुरुराज,

ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून केलेला टॉर्क पाना, वाण्याकडची वजनं टांगून त्यावर कोरलेले आकडे. नळ्या वाकवायचं यंत्र. त्या लाल कंटेसाच्या एक्झॉस्टच्या चार नळ्या, चारही एकाच लांबीच्या. विमलाच्या शिवणयंत्राचा पायडल. आणि तुझ्या निळ्या फियाटचे पुढचे खालचे दोन्ही आर्म, ज्यांच्या टोकाला चाक उभं असतं ते. हे सगळं मी माझ्या हातानं केलं, कुठल्याही कॉलेजात न जाता. पूर्वी ही यादी तू गिऱ्हाइकांना ऐकवायचास आणि मी आत कानस चालवत ऐकत असायचो.

आज मीच ऐकवतोय, कारण यातली शेवटची वस्तू रविवारी शर्यतीत धावणार आहे आणि स्टिअरिंगवर तुझी लेक श्रीलक्ष्मी बसणार आहे. ते आर्म ज्या बोल्टांनी चासीला धरलेत, ते बोल्ट खोटे असावेत. 'असावेत' हा शब्द मी वापरत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्या गाडीतले बोल्ट मी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत, म्हणून वापरावा लागतोय.

तू माझा फोन घेत नाहीस. तुझ्या दुकानात जो कोणी उचलतो तो माझा आवाज ओळखून "सार इल्ले", साहेब नाहीत, म्हणतो आणि ठेवतो. श्रीलक्ष्मीचा मोबाइल लागत नाही, सरावाला डोंगरात गेली असेल. म्हणून हे पत्र तुझ्या विमलावहिनीच्या हाती देतोय. ती दुपारच्या गाडीनं कोइमतूरला निघेल. माझ्या तोंडावर तू दार लावशील, तिच्या तोंडावर नाही लावणार. मी स्वतः हलू शकत नाही. तुझ्याकडे गेलेल्या पेटीतलेच बोल्ट टी. नगरच्या एका डॉक्टरांच्या गाडीत मी स्वतः बसवलेत, ते आज मला काढायचे आहेत.

आता नीट वाच. तुला ती भटकंती आठवते? फियाटला लागतो तो बारा मिलिमीटरचा, सव्वाच्या बारीक आट्याचा बोल्ट, आणि डोक्यावर मजबुतीचा आकडा दहा-पूर्णांक-नऊ. पॅरीज कॉर्नरच्या गल्ल्या आपण उन्हात पायी पालथ्या घातल्या. जो तो पावणेदोनचा जाड आटा पुढे करायचा आणि वर "बसेल सार, जरा ठोका" म्हणायचा. तू हसायचास, माझं डोकं फिरायचं. शेवटी राममूर्ती भेटले. दुकान बोळाएवढं, पण माल खरा. महिन्यातून एकदा मी जायचो, नवी पेटी उघडली की राममूर्ती स्वतःच्या हातानं एक बोल्ट उचलून माझ्या हातात ठेवायचे. तो मी त्यांच्याच व्हाइसमध्ये धरून तुटेपर्यंत आवळायचो. किती जोर घेऊन तुटला ते बघायचं, मग पेटीवर पिवळ्या रंगाची तिरकी रेघ मारायची, मग कॉफी. तू बाहेर स्कूटरवर बसून ओरडायचास, "अय्यो, बोल्टांस सुद्धां मडी काय रे, कृष्णा?" तुमची मडी म्हणजे आमचं सोवळं. त्या गल्लीत तंजावरच्या मराठीतली थट्टा समजणारा मी एकटाच, म्हणून तू आणखी मोठ्यानं ओरडायचास.

मडीवरूनच आपण तुटलो. तुला गाडी ठरल्या तारखेला द्यायची होती आणि मी ती देऊ देत नव्हतो. तू म्हणालास, तुला माणसांपेक्षा लोखंडावर जास्त विश्वास आहे. मी म्हणालो, लोखंड बोलबच्चन करत नाही. दोघंही खरं बोललो आणि कामातून गेलो. त्यावर आज वाद नको.

राममूर्ती आता घरीच असतात, गुडघे गेले. गल्ल्यावर त्यांचा जावई बसतो. गेल्या महिन्यात मी पेटी पारखायला गेलो तेव्हा त्यानं सासऱ्यासारखाच एक बोल्ट उचलून माझ्या हातात ठेवला. मी तो तोडला. चांगला होता. रेघ मारली. माझ्यापुरते बोल्ट मोजून घेतले तेव्हा जावई हसत म्हणाला, तुमचे कोइमतूरचे जुने पार्टनर तुमचं नाव काढलं की फोन ठेवतात, पण माल मागताना म्हणतात, रेघवाली पेटी असेल तरच पाठव. उरलेली पेटी त्यानं माझ्यासमोर तुझ्या नावानं बांधली. गुरुराज, खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. परतीच्या लोकलमध्ये तांबरमपर्यंत मी एकटाच गालात हसत होतो.

सोमवारी एका गाडीवर त्यातलाच बोल्ट आवळत होतो. खरा बोल्ट शेवटच्या पाव फेऱ्यात हाताला उलट ढकलतो. हा ढकलेना. पाना फिरतच राहिला, बोल्ट चिंगमासारखा लांबला. काढून व्हाइसमध्ये धरला, कानस लावली. खऱ्या बोल्टावरून कानस घसरते. याला ती लोण्यासारखी लागली. डोक्यावर आकडा तोच, अक्षरं तीच, फक्त कडा जरा बोथट. मग माझ्याकडचा सगळा माल एकेक करून घासला. वरच्या थरातले खरे, खालचे सगळे मऊ.

आणि तो एक बोल्ट मी वरच्या थरातलाच तोडला होता, कारण तो मला हातात दिला गेला होता. राममूर्तींच्या दुकानात त्यांनी दिलेला बोल्ट बाजूला ठेवून पेटीच्या तळाशी हात घालणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. तीच रीत मी जावयापुढेही पाळली. माझी परीक्षा चुकली नाही. परीक्षेला कोण बसणार, हे मी दुसऱ्याला ठरवू दिलं. पुढचं वाक्य मी चार वेळा लिहून खोडलंय: तुझ्याकडच्या पेटीवरची रेघ माझी आहे, आणि ती मानू नकोस.

विमलाच्या पिशवीत कापडात बांधलेले बोल्ट आहेत. माझ्या स्वतःच्या गाडीच्या पुढच्या आर्मचे, राममूर्तींच्या काळातल्या पेटीतले. काल काढले, लांबी मोजली, एकही ताणलेला नाही. माझी गाडी विटांवर उभी आहे, राहू दे. तुझ्या गाडीतले काढ, हे घाल, अकरा किलोला आवळ. नट नवे घाल, तेही पिशवीत आहेत. श्रीलक्ष्मीला स्वतःला आवळू दे, तिच्या हाताला कळतं. पाना धरायला मी शिकवलंय तिला. ती विचारेल, काका का नाही आले? तिला जे वाटेल ते सांग.

आता हे कागदावर, सहीनिशी का, ते. आज ना उद्या जावयाचा तुला फोन येईल. तो म्हणेल, कृष्णकांतला तुमची गाडी जिंकलेली बघवत नाही, म्हणून त्यानं ही आवई उठवली. मी त्याला फोनवर जाब विचारला होता, म्हणून काल तो मिठाईचा पुडा घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आला होता. खुर्चीवर बसला नाही, उभ्यानंच बोलला. इथला माल गुपचूप बदलून देतो, म्हणाला. पण शर्यतीच्या तोंडावर कोइमतूरला शब्द गेला तर तिथला सगळा धंदा बसेल. शिवाय एका शर्यतीत काय होतंय, सार? पुढे दुकानातल्या प्रत्येक पेटीवर तुमची रेघ, आणि तिचे दरसाल पैसे. मी विचारलं, आणि मी काय करायचं? फक्त रविवार संपेपर्यंत गप्प बसायचं, म्हणाला. पहिल्या वर्षाचे पैसे त्यानं बाकावर ठेवले होते. मी ते मिठाईसकट त्याच्या स्कूटरच्या डिकीत टाकले. साडेतीन लाख रुपये होते.

तू मान, नको मानू,
तुझाच,
कृष्णकांत