आडवा काटा

४ फेब्रुवारी

दादाने बोट विकली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. घेणाऱ्याची एकच अट — इंजिन चालेल, पण तो डॅशबोर्ड बघवत नाही, तेवढा नवा करून द्या. दादा म्हणाला, "माणूस लावतो." मी म्हटलं, मी करते.

बोट जायच्या आधी बाबांना एकदा तिच्यात बसवायचंय. माणसं तर ते विसरलेच. बोट तरी ओळखतील.

५ फेब्रुवारी

बाबा मला म्हणाले, "तुम्ही कुठून आलात?" तुम्ही! जन्मभर "फुगे" अशी हाक — मी लहानपणी सारखी फुगून बसायचे म्हणून. आणि आता तुम्ही. "इथूनच," मी म्हटलं. "बरं बरं, बसा."

बसले. काय करणार?

७ फेब्रुवारी

डॅशबोर्डची जुनी फळी काढली. काढली कसली, हातातच आली. प्लाय ओलं होऊन फुगलेलं, स्क्रू गंजलेले, बटणांवरची अक्षरं बाबांच्या बोटांनी पार पुसलेली. आणि डिझेलचा मीटर आडवा. कधीतरी मागची वायर तुटली, उरलेली पुरेना, म्हणून बाबांनी अख्खा मीटरच आडवा फिरवून बसवला होता. दादा किती मागे लागायचा, "बाबा, तो सरळ करा ना." बाबांचं उत्तर ठरलेलं — "कोण करणार, तुझा बाप?" घरात काहीही काम सांगा, हेच. मग स्वतःच हसायचे आणि उठून करायचे. हा मीटर तेवढा राहून गेला. मान वाकडी करून डिझेल बघायचे, पण सरळ काही केला नाही.

९ फेब्रुवारी

नव्या फळीत मीटरचं भोक मोठं पडलं. अख्खी फळी वाया. धक्क्यावरचे सुतारकाका म्हणाले, "विकलेल्या बोटीत एवढा जीव कशाला ओततेस?" मला रडू येत होतं, म्हणून त्यांच्यावरच खेकसले. बिचारे दुसरी फळी देऊन गेले.

१२ फेब्रुवारी

झालं. वॉर्निश वाळलं. बटणं एका ओळीत, नावं ठळक. वायर नवी टाकली, चांगली लांब. मीटर सरळ बसवला. बाबांचं राहिलेलं काम मी केलं, म्हणून आज स्वतःवर खूश आहे. उद्या बाबांना नेते.

१३ फेब्रुवारी

एका बाजूने मी, एका बाजूने दादा, असं धरून बाबांना बोटीत चढवलं. सुकाणूच्या चाकासमोर बसवलं. दोन्ही हात मांडीवर, परक्याच्या घरी बसल्यासारखे.

"छान आहे," म्हणाले. "कुणाची?"

"आपलीच, बाबा."

"नको, नको. मालक ओरडेल. चला."

दादा तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिला. सगळी मेहनत पाण्यात. घरी येऊन दार लावून रडले.

१४ फेब्रुवारी

ओळखणार कसे? त्यांच्या हातचं मी काही ठेवलंच नाही. घासूनपुसून परक्याची बोट करून ठेवली. जुनी फळी दादाने कधीच कचऱ्यात टाकली. "सोड आता," म्हणतो. "उगाच आस लावून बसू नकोस." त्याचं बरोबर आहे. आपल्याला वडील आहेत आणि नाहीतही, हे त्याला पटलंय. मला पटत नाही, एवढंच. उद्या सकाळी घेणारा येणार.

जेवताना बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मान वाकडी करून. घड्याळ सरळच आहे. मला आधी हसू आलं, मग तो आडवा मीटर आठवला.

१५ फेब्रुवारी

सकाळी लवकर जाऊन मीटरचा मागचा नट सैल केला आणि मीटर होता तसा आडवा केला. मग बाबांना आणून बसवलं. घेणारा धक्क्यावर उभाच होता. दादा त्याला बोलण्यात गुंतवत होता. हात पुन्हा मांडीवरच. मी उठवणारच होते, तेवढ्यात बाबांची मान हळूच वाकडी झाली.

"डिझेल संपत आलंय, फुगे."

"भरायला हवं," मी म्हटलं.

"कोण भरणार, तुझा बाप?"

हो, म्हटलं मी.